सुपरहिरोंच्या वस्तूंचा लिलाव फॉलो करताना नेमकं काय बघायचं?

तुम्ही विचारलंय, "घ्यायचं काही नाही, फक्त सुपरहिरोंच्या जुन्या वस्तूंचा एखादा मोठा लिलाव नीट समजून बघायचाय. सुरुवात कुठून करू?" बरीच वर्षं मीही असाच काठावर बसून बघतोय, म्हणून सांगतो.

लिलावाच्या दिवसाची वाट बघू नका. कॅटलॉग बराच आधी येतो आणि खरी गंमत त्यातच असते. प्रत्येक लॉटचं, म्हणजे एका बोलीत विकायला काढलेल्या वस्तूचं किंवा संचाचं, वर्णन वकिलाची नोटीस वाचावी तसं वाचा. 'पडद्यावर वापरलेला' आणि 'चित्रपटासाठी बनवलेला' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एकाच मुखवट्याच्या अनेक प्रती असतात. जवळून दिसायची चांगली प्रत वेगळी, मारामारीसाठी हलकी रबरी वेगळी, आणि एखादी तर पेटीतून बाहेरही न निघालेली. 'बनवलेला' या शब्दात ही शेवटचीही खपून जाते.

एकदा मी एका हातमोज्यावर नजर ठेवून होतो. कॅटलॉगमधला फोटो मोठा केला तर अंगठ्याच्या मुळाशी रंगाचा टवका उडालेला. चित्रपट लावला, थांबवत थांबवत पुढे सरकवला, आणि एका फ्रेममध्ये तोच टवका, त्याच जागी! वर्णनात याचा उल्लेखही नव्हता. मला वाटलं, हे फक्त मलाच कळलंय. कसलं काय, बोली बघता बघता कॅटलॉगमधल्या अंदाजाच्या तिप्पट गेली. माझ्यासारखे रिकामटेकडे जगभर आहेत. त्याच लिलावातल्या एका पोशाखाचा फोम रबर काखेत वाळून चुरा होत होता. हा रबर असाच जातो, कितीही जपा.

कॉमिक्सचं गणित वेगळं. तिथे सगळा खेळ प्रतीच्या अवस्थेचा. सीजीसीसारखी संस्था अंक तपासून 0.5 ते 10 गुण देते आणि प्लॅस्टिकच्या डबीत बंद करते. जांभळं लेबल दिसलं तर अंकाची डागडुजी झालीय असं समजा, म्हणजे किंमत घसरली. स्पायडर-मॅन पहिल्यांदा आला तो 'अमेझिंग फँटसी'चा 15वा अंक 1962मध्ये 12 सेंटला मिळायचा. त्याची 9.6 गुणांची प्रत 2021मध्ये 36 लाख डॉलरला गेली. त्याच अंकाची फाटकी, डाग पडलेली प्रत याच्या जवळपासही फिरकत नाही.

आकड्यांबाबत मात्र नवखे हमखास फसतात. 1966च्या 'बॅटमॅन' मालिकेतली मूळ बॅटमोबिल, म्हणजे बॅटमॅनची गाडी, 2013मध्ये ॲरिझोनात विकली गेली. कोणी 42 लाख डॉलर म्हणतं, कोणी 46.2 लाख, आणि दोघंही बरोबर असतात. हातोडा 42 लाखांवर पडला, वरचे 10 टक्के लिलाव कंपनीचे (यालाच प्रीमियम म्हणतात), तेही खरेदीदाराच्याच खिशातून. म्हणून दोन लिलावांची तुलना करताना आकडा प्रीमियम धरून आहे की सोडून, हे आधी बघा.

राखीव किंमत (जिच्याखाली विकणारा वस्तू देत नाही), शेवटच्या मिनिटाला वेळ वाढणं वगैरे गोष्टी एक-दोन लिलाव बघितले की आपोआप कळतात.

आणि कागदांचे लॉट सोडू नका. टोप्या-ढालींच्या गर्दीत ते कोणी बघत नाही, मला मात्र तेच आवडतात. सुपरमॅनचे हक्क 1938मध्ये त्याचे निर्माते जेरी सीगल आणि जो शुस्टर यांच्याकडून 130 डॉलरला घेतले गेले. ही रक्कम ज्या चेकमध्ये होती तो चेक 2012मध्ये 1,60,000 डॉलरला विकला गेला. चेकवर दोघांचीही नावं चुकीची लिहिलेली आहेत. त्यामुळे मागच्या बाजूला दोघांना दोन-दोनदा सही करावी लागली, एकदा चुकीच्या नावाने आणि एकदा स्वतःच्या.