सिडकोतल्या (नाशिक) जुन्या घराचं नूतनीकरण करायचंय, गृहकर्ज चालू आहे. पैसे कसे उभे करावेत?

चालू गृहकर्जावर टॉप-अप (म्हणजे त्यावरच वाढीव कर्ज) मिळत असेल तर आधी तोच घ्या. पर्सनल लोन अगदी शेवटी. टॉप-अपला घर तारण असतं, म्हणून व्याज सहसा बरंच कमी बसतं आणि मुदतही लांब मिळते. मी नाशिकमध्ये गृहकर्जाच्या फायली करतो, हा फरक नेहमी दिसतो. जुन्या करप्रणालीत राहत्या घराच्या दुरुस्तीच्या कर्जावरील व्याजाला वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंत वजावटही आहे. त्यासाठी कंत्राटदाराकडून पक्की बिलं घ्याच. मात्र नुसतं फरशी-रंगाचं काम असेल आणि वर्षभरात फेडणार असाल, तर सोनेतारण जास्त सुटसुटीत. वर खोली चढवायची असेल तर महापालिकेची परवानगी आधी काढा, बँक मंजूर नकाशा मागते.