प्लांटेड टँकमधलं (झाडं लावलेल्या माशांच्या टाकीतलं) निळं-हिरवं शेवाळ काढलं तरी परत येतंय. मेडिकलमधून एरिथ्रोमायसीन आणून टाकू का?

नका टाकू. टाकलंत तर जाईल, आठवड्याभरात जाईल, कारण ते शेवाळ नाहीच, बॅक्टेरिया आहे आणि एरिथ्रोमायसीन हे अँटिबायोटिक. पण महिना-दीड महिन्यात परत येईल. माझ्या साडूंनी हा प्रयोग दोनदा केलाय आणि दोन्ही वेळा मला चकाचक टाकीचे फोटो पाठवलेत. पहिल्या आठवड्याचे. नंतरचे नाही.

माझी टाकी तीन बाय दीड बाय दीड फूट, पाणी साधारण १५० लिटर. झाडं गच्च, मासे मोजून बारा, सगळे टेट्रा. साडू या छंदात माझ्या आधीपासून, त्यामुळे त्यांचा शब्द प्रमाण. त्यांचं म्हणणं, पाण्यात नायट्रेट (माशांच्या घाणीतून शेवटी तयार होतं आणि झाडं खातात ते) जितकं कमी तितकी टाकी उत्तम. मी दर रविवारी अर्धं पाणी बदलायचो, टेस्ट किटची नळी पिवळीधमक, म्हणजे नायट्रेट शून्य, निघाली की फोटो काढून त्यांना पाठवायचो. शाबासकी यायची.

मग पुढच्या काचेला लागून, वाळूच्या आत, बोटभर रुंदीची निळसर हिरवी पट्टी दिसायला लागली. दोन आठवड्यांत ती वर येऊन मॉसवर चादरीसारखी पसरली. पाइपने ओढली की दुधावरच्या सायीसारखी अख्खी निघायची, खालचं मॉस पिवळं पडलेलं. आणि वास! तुंबलेली मोरी आणि बिटाची सालं एकत्र केल्यासारखा. तीनदा साबणाने हात धुऊन जेवायला बसलो तरी बायको विचारायची, "टाकीत हात घातला होतास ना?"

साडूंचा सल्ला, गोळ्या टाका. मी म्हटलं, आधी ब्लॅकआउट करून बघू, म्हणजे काही दिवस टाकी पूर्ण अंधारात. गौरी-गणपतीला आम्ही पाच दिवस गावी जाणारच होतो. निघायच्या आदल्या रात्री थर ओढून काढला, झाडांसाठी सोडतो तो सीओटू (कार्बन डायऑक्साइड) बंद, एअर पंप चालू, टाकीवर दोन जाड चादरी. किल्ली साडूंकडे, म्हटलं, फक्त वीज गेली तर पंप बघा. परत आलो तर वाळू तशीच हिरवी. साडू रोज संध्याकाळी येऊन चादर वर करत होते, टाकीचा दिवा लावून बघत होते आणि मासे उपाशी म्हणून खाणंही टाकत होते. वर मलाच म्हणाले, "बघा, मी म्हटलं नव्हतं? ब्लॅकआउटने काही होत नाही."

पुढच्या महिन्यात मी घरी बसून केलं. चार दिवस चादर हलवली नाही, एक दाणा टाकला नाही. पाचव्या दिवशी मेलेला थर ओढून काढला, निम्मं पाणी बदललं. आणि त्याच दिवसापासून नायट्रेट घालायला लागलो. माझ्या मामेभावाची निफाडजवळ द्राक्षबाग आहे. तो ठिबकमधून सोडतो ते १३:०:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेटच, कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळतं. अडीच ग्रॅमने माझ्या टाकीत जवळपास १० पीपीएम नायट्रेट वाढतं. साडूंना कळलं तेव्हा म्हणाले, "द्राक्षांचं खत माशांना? आता बघा कसं शेवाळ माजतं ते."

नाही माजलं. नायट्रेट शून्य झालं की आधी झाडं उपाशी मरतात. या बॅक्टेरियाचं मात्र फारच थोड्यावर भागतं, त्यातल्या काही जाती तर पाण्यात विरघळलेला हवेतला नायट्रोजन वायू स्वतःच वापरतात. झाडं वाढायची थांबली की त्यांना रान मोकळं. हे मी साडूंना तीन वेळा समजावलंय.

आता खरं सांगायचं तर त्याच आठवड्यात मी फिल्टरचा स्पंजही धुतला आणि मागच्या कोपऱ्यात, जिथे पाणी हलत नव्हतं, तिथे छोटा पॉवरहेड (पाणी फिरवणारा पंप) लावला. त्यामुळे नेमकं कशाने गेलं हे छातीठोकपणे सांगता येणार नाही. शिवाय तुमच्याकडे मासे जास्त असतील, खाणं भरपूर पडत असेल, तर नायट्रेट आधीच ४० पीपीएम असेल आणि वर खत घालणं म्हणजे मूर्खपणा. आधी मोजा. तुम्ही टाकीचा आकार, मासे, काहीच लिहिलेलं नाही, म्हणून एवढंच. गोळ्यांनी फिल्टरमधल्या, विषारी अमोनिया संपवणाऱ्या चांगल्या बॅक्टेरियांनाही धक्का लागू शकतो. टाकायच्याच असतील तर रोज अमोनिया तपासा, आणि थर आधी हाताने काढा. एवढा थर पाण्यात मेला तर माशांचं काही खरं नाही.

दिवाळीत साडू फराळाला आले होते. टाकीसमोर पाच मिनिटं उभे राहिले, काचेच्या कडेने वाळू निरखली आणि म्हणाले, "थंडी पडली ना, थंडीत जातंच ते."

टाकीत हीटर आहे. थंडीतही पाणी २६ अंशांच्या खाली जात नाही.