टपाल तिकिटावर हाताने मारलेला सुबक, वाचता येईल असा शिक्का कसा मिळवावा? नागपुरात ते शक्य आहे का?

शक्य आहे, आणि त्यासाठी वशिला लागत नाही. मात्र पत्र लाल पेटीत टाकून सुबक शिक्क्याची आशा धरणे सोडून द्यावे लागते आणि ज्याच्या हातात ठसा असतो, त्या माणसापर्यंत स्वतः जावे लागते. आपण असेही विचारले आहे की, सिव्हिल लाइन्समधल्या जीपीओतून प्रथम दिवस आवरण (नवे तिकीट निघते त्या दिवसाचा खास शिक्का मारलेले पाकीट) विकत घेतले तर तेच काम होत नाही का. माझ्या मते मुळीच होत नाही. त्या आवरणावरचा शिक्का देखणा असतो, हे मान्य. पण ते पाकीट कोणी कोणाला लिहिलेले नसते आणि ते कुठे गेलेलेही नसते.

या विषयावर मी इतक्या आग्रहाने लिहितो, त्याला कारण आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली, तेव्हा माझे वडील त्या मैदानात होते. पुढे ते उमरेडला स्थायिक झाले आणि मी नागपुरात राहिलो. दर वर्षी त्या तारखेला नागपूरहून त्यांना पत्र टाकायचे आणि पाकिटावर बाबासाहेबांचे तिकीट लावायचे, असा माझा परिपाठ होता. २००५ साली पेटीत टाकलेले पत्र त्यांच्या हाती पडले, तेव्हा त्यावर शिक्का नव्हताच. वाटेत कुणीतरी बॉलपेनने बाबासाहेबांच्या चेहऱ्यावर दोन आडव्या रेघा ओढून तिकीट रद्द केले होते. वडिलांनी ते पाकीट माझ्यासमोर ठेवले आणि एवढेच विचारले, “यांच्याकडे ठसा नाही का रे?” तिकीट रद्द करण्यासाठी पेन चालवणे हा पत्र लिहिणाऱ्याचा आणि तिकिटावरच्या माणसाचाही अपमान आहे, असे मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो.

२००६ साली दीक्षेला ५० वर्षे पूर्ण होत होती. १४ ऑक्टोबरला शनिवार होता आणि पोस्ट उघडे होते. १९९१ साली जन्मशताब्दीनिमित्त निघालेले एक रुपयाचे तिकीट मी जपून ठेवले होते. ते पाकिटाच्या उजव्या कोपऱ्यात, कडेपासून बोटभर आत लावले. साध्या पत्राला तेव्हा पाच रुपये लागत. उरलेल्या चार रुपयांची तिकिटे डावीकडे, वेगळी लावली. दीक्षाभूमीपासून फार लांब नसलेल्या एका छोट्या पोस्टात सकाळीच गेलो. खिडकीवरच्या बाबूंनी “पेटीत टाका, होऊन जाईल” असे सांगून मान खाली घातली. मी पोस्टमास्तरांना भेटलो, तारखेचे महत्त्व सांगितले, आणि त्यांनी मला आतल्या टेबलाशी पाठवले. तिथे निवृत्तीला आलेले एक काका शिक्के मारत होते.

त्या काकांनी जे केले, तेच आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर आहे. त्यांनी आधी एका रद्दी कागदावर ठसा उमटवून पाहिला. तारखेतल्या चारच्या पोटात शाई भरून तो काळा ठिपका झाला होता. त्यांनी खणातून जुना दातांचा ब्रश काढला, अक्षरे घासली, फडक्याने पुसली आणि पुन्हा रद्दी कागदावर उमटवून चार उघडा झाल्याची खात्री केली. टेबलावरच्या रबरी गादीला वर्षानुवर्षांच्या ठोक्यांनी मधोमध खळगा पडला होता. पाकीट त्यांनी त्या खळग्यावर न ठेवता गादीच्या सपाट कडेवर सरकवले. मग ठसा आपटला नाही. सरळ उभा टेकवला, मुठीने दाबला, किंचित पुढे-मागे कलवला आणि तसाच वर उचलला. वर्तुळ पूर्ण, नागपूर स्पष्ट, तारीख स्पष्ट, आणि बाबासाहेबांचा चेहरा मोकळा. बाकीच्या तिकिटांवर त्यांनी नेहमीच्या वेगाने ठसे मारले आणि पाकीट थैलीत गेले.

यातून आपण काय करावे, हे उघड आहे, तरी काही गोष्टी सांगतो. पाकिटात पोस्टकार्डाच्या जाडीचा एकच सपाट कागद घालावा. घडी किंवा पाकिटाचा जोड तिकिटाखाली आला की अर्धे वर्तुळ उमटतच नाही. तिकीट फिक्या रंगाचे निवडावे. नेहमीच्या आकाराच्या स्मारक तिकिटावर गोल शिक्का जेमतेम बसतो, रोजच्या वापराच्या छोट्या तिकिटावर बसत नाही, त्यामुळे तिथे हट्ट धरू नये. गुळगुळीत कागदावर शाई लवकर वाळत नाही. टीपकागद सोबत न्यावा, पण तो फक्त टेकवावा, घासू नये. नागपुरात मे महिन्यात शाईची गादी दुपारपर्यंत कोरडी पडते, मग तिच्यावर भसाभसा शाई ओततात आणि पुढचे सगळे शिक्के माखतात, म्हणून सकाळीच जावे. रंगीत शाई मागू नये. इंग्लंडमध्ये १८४० साली पेनी ब्लॅक निघाले तेव्हा त्यावर लाल शिक्का मारत. तो पुसून तिकीट पुन्हा वापरता येते असे दिसल्यावर पुढच्याच वर्षी तिकीट लाल आणि शिक्का काळा झाला. काळी शाई अशी अनुभवातून आलेली आहे.

माझे एक ज्येष्ठ संग्राहक स्नेही हे पाकीट पाहून म्हणाले होते की, मागून घेतलेला शिक्का खरा नव्हे, आणि तसेही शिक्का बसला की तिकीट खराबच होते. दोन्ही विधाने एकाच वेळी कशी खरी असतील, हे त्यांनी मला आजवर सांगितलेले नाही. माझ्या पत्राला पूर्ण दर भरलेला होता, ते थैलीतून उमरेडला गेले आणि मागच्या बाजूला तिथल्या पोस्टाचा १६ ऑक्टोबरचा शिक्का आहे. मी मागितले ते काळजीने काम करणे. ती काही सवलत नव्हे. राहिला खराब होण्याचा मुद्दा. १८५४ च्या भारतीय तिकिटांवर नुसत्या ठिपक्यांचा ठसा मारत, त्यात ना गाव ना तारीख, आणि तिथे तिकीट फक्त निकामी होत असे. रोजच्या गोल शिक्क्यामुळे ते तिकीट कुठे आणि कधी वापरले गेले, हे कळते. त्या स्नेह्यांच्या अल्बममधल्या कोऱ्या तिकिटांना हे कधीच सांगता येणार नाही. फिलाटेली ब्युरोवर, म्हणजे संग्राहकांना तिकिटे विकणाऱ्या पोस्टाच्या विभागावर, माझा राग नाही. नवी तिकिटे मीही तिथूनच घेतो.

आता काही सूचना, ज्या आधीच सांगायला हव्या होत्या. मागच्या तारखेचा शिक्का कधीही मागू नये. ते बेकायदेशीर आहे आणि विचारण्यानेच आपले नाव खराब होते. ठसा स्वतःच्या हातात मागू नये. थैली बंद होण्याच्या वेळेला जाऊ नये. पोस्टमास्तरांनी नकार दिला तर वाद न घालता दुसरे पोस्ट गाठावे. पूर्वी रजिस्टर्ड पत्रावर खिडकीतच बरा शिक्का मिळत असे. २०२५ साली ती सेवा स्पीड पोस्टात विलीन झाली आहे, तेव्हा तो मार्ग आता धरू नये. आणि शिक्का चांगला आला तर तिकीट पाण्यात भिजवून सोडवू नये, पाकीट अख्खे ठेवावे.