वर्ग कसा पारखावा? कराटे, कुस्ती, स्वसंरक्षण : वाचकांचे प्रश्न

झुंजीच्या खेळांविषयी बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातून आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना या वेळी उत्तरे देत आहोत.

प्रश्न : मुलगी नऊ वर्षांची आहे. घराजवळ कराटेचा एक आणि तायक्वांदोचा एक वर्ग आहे. ओळखीतले म्हणतात, कराटेच चांगलं, तायक्वांदोत नुसत्या लाथा. फी जवळपास सारखीच आहे. कुठे घालावं?
– एक आई, टिळकवाडी

उत्तर : दोन्ही चांगले खेळ आहेत. फरक नियमांचा आहे आणि मूल ज्या नियमांनी रोज खेळतं तेच त्याच्या अंगवळणी पडतं. ऑलिंपिकमधल्या तायक्वांदोत डोक्यावर लाथेला ठोशापेक्षा जास्त गुण मिळतात आणि चेहऱ्यावर ठोसा मारायला परवानगीच नाही. त्यामुळे पाय चपळ होतात, कंबर मोकळी होते, पण हात खाली राहण्याची सवय लागते. कराटेत शोतोकान, गोजू-र्यू, शितो-र्यू आणि वादो-र्यू हे चार मोठे प्रवाह. त्यांच्या गुणांच्या स्पर्धेत वार आवरून मारायचा असतो आणि गुण झाला की पंच झुंज थांबवतात. त्यातून अंतराचा अंदाज आणि नेमकी वेळ साधणं फार छान येतं, पण कुणी अंगाला भिडलं, धरलं, तर पुढे काय करायचं हे कमी शिकवलं जातं. क्योकुशिन कराटेत अंगावर पूर्ण ताकदीने मारतात, मात्र चेहऱ्यावर ठोसा मना आहे, म्हणून तिथले खेळाडू छातीला छाती लावून झुंजतात. पकडीची सवय हवी असेल तर ज्युदो किंवा कुस्तीकडेच जावं लागतं.

नऊ वर्षांच्या मुलीचं या फरकामुळे काही अडत नाही. अडतं ते वर्ग कसा चालतो यावर. दोन्हीकडे एकेक पूर्ण तास बसून बघा, आणि शक्यतो न कळवता जा. पालकांना बसूच देत नसतील तर तो वर्ग तिथेच सोडून द्या.

घड्याळ बघत बसा. साठ मिनिटांपैकी दहा-बारा मिनिटं अंग गरम करण्यात, पंधरा-वीस मिनिटं नवं तंत्र शिकण्यात, आणि किमान पंधरा-वीस मिनिटं जोडीदाराबरोबर जायला हवीत. पुष्कळ ठिकाणी चाळीस मिनिटं रांगेत उभं राहून, आकडे मोजत, हवेत ठोसे आणि लाथा चालतात. काता, पूमसे म्हणजे एकट्याने ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचाली, यांची जागा आहे, तोल आणि कमरेचा वापर त्यातूनच बसतो, पण समोरच्याचं अंतर हवेत कळत नाही. जोडीच्या सरावालाही पायऱ्या आहेत. आधी जोडीदार स्थिर उभा राहतो, मग ठरलेला वार करतो, मग पेलेल इतका विरोध करतो. ही तिसरी पायरी बहुतेक वर्गांत गायब असते. जो ठोसा ठरलेल्या जागी येऊन आपोआप थांबतो तो अडवायला शिकून मूल खरा ठोसा अडवू शकत नाही. एकच गोष्ट विचारा : जोडीदाराला सांगितलेला वार सोडून दुसरा वार करायची मुभा कधी असते का? आठवड्यातून एकदाही नसेल, तर भिंतीवर कितीही चषक मांडलेले असोत, झुंज शिकवली जात नाही.

दहा वर्षांखालच्या बारा ते पंधरा मुलांमागे एक शिक्षक असावा. तीस मुलं आणि एकच सर असतील तर प्रत्यक्षात वरच्या पट्ट्याची मुलंच शिकवत असतात. जोड्या वजन बघून लावतात की उभ्या असलेल्या रांगेप्रमाणे, तेही पाहा. पडायला आधी शिकवतात का? हनुवटी छातीला टेकवून, पाठ गोल करून, तळहात आणि हाताचा पुढचा भाग एकदम जमिनीवर आपटून पडायचं असतं. हे न शिकता उचलून टाकायला लावलं की मूल हात टेकतं आणि मनगट नाहीतर गळपट्टीचं हाड मोडतं. लाथांच्या सरावाला २० ते २५ मिलिमीटरच्या जोडायच्या मॅट चालतात, उचलून टाकायचं असेल तर ४० मिलिमीटर जाडी हवी. उघड्या फरशीवर काहीच टाकाटाकी नको.

पावसाळ्यात आपल्याकडे मॅटखाली ओल धरते. कोपरा उचलून वास घ्या. कुबट वास म्हणजे मॅट पुसतात पण वाळवत नाहीत, आणि तिथूनच गजकर्ण घराघरांत जातं. मुलं अनवाणी स्वच्छतागृहात जाऊन तशीच मॅटवर येतात का, हेही एका तासात दिसतं.

दोन गोष्टी दिसल्या तर फी भरू नका. एक, मुलाचे पाय फाकवून वर दुसऱ्याला बसवणं. जांघेचे स्नायू फाटतात आणि वाढत्या वयात हाडाला चिकटलेली जागाच उखडू शकते. दुसरी, शिक्षा म्हणून बेडूकउड्या आणि शेकडो बैठका. मुलींसाठी कपडे बदलायला वेगळी खोली आहे का आणि बाहेरगावच्या स्पर्धेला सोबत कोणती बाई जाते, हे नि:संकोच विचारा. चांगल्या शिक्षकाला या प्रश्नाचा राग येत नाही.

प्रश्न : मी सोळा वर्षांचा आहे, तीन वर्षं तालमीत मातीत खेळतो. जत्रेच्या मैदानात माझ्या बहुतेक कुस्त्या निकाली होतात. यंदा मॅटवरच्या स्पर्धेत मात्र चितपट न होताही गुणांवर हरलो. काय बदलू?
– खानापूर तालुका

उत्तर : मातीतलं जे आहे ते टाकू नकोस. पकड, मान आणि दम मातीतच घडतो. हरलास तो दुसऱ्याच हिशेबावर.

मातीत दोन्ही खांदे लागेपर्यंत कुस्ती संपत नाही, म्हणून पोटावर पडून दम घेणं हा शहाणपणा ठरतो. मॅटवर प्रतिस्पर्धी तुला खाली घेऊन मागून ताबा मिळवतो तेव्हाच त्याला २ गुण मिळतात. मग तो कमरेला मिठी घालून भारंदाज लावतो, म्हणजे तुला लोळवतो, आणि पाठ मॅटच्या दिशेने वळली की दर वेळी आणखी २ गुण. वर्तुळाबाहेर पाय गेला की १. फ्रीस्टाइलमध्ये १० गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच संपते. सतरा वर्षांखालच्या गटात २ मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि मध्ये ३० सेकंद विश्रांती. म्हणजे दमवून मारायला वेळच नाही. शिवाय लांग किंवा जांघिया धरून बसणारे तुझे डाव मॅटवर चालत नाहीत, खेळाडूचा पोशाख ओढणं तिथे चूक धरतात.

उभं राहणं आधी बदल. मातीत पाय रुततो, म्हणून आपण ताठ राहून गर्दनखेच, म्हणजे मानेला हात घालून ओढाओढ, करतो. मॅटवर गुडघे वाकलेले, कंबर मागे, डोकं समोरच्याच्या छातीच्या उंचीवर हवं. ताठ राहिलास की एकेरी पट, म्हणजे एक पाय धरून पाडायचा डाव, सहज निघतो. पट आलाच तर दोन्ही पाय मागे फेकून कंबरेचा सगळा भार त्याच्या खांद्यांवर टाकायचा. मागे पळत सुटण्यापेक्षा हे आधी यायला हवं.

सहा-आठ आठवडे आठवड्याचे तीन दिवस माती, तीन दिवस मॅट असं ठेव. मॅटच्या दिवशी पाच मिनिटं नुसतं खाली वाकून सरकणं, मग विरोधाशिवाय दोन्ही बाजूंनी वीस-वीस पट. त्यानंतरचं सगळ्यात महत्त्वाचं : मधूनच सुरू करायच्या छोट्या झटापटी. एक पाय आधीच धरलेला आहे असं समजून ३० सेकंद, सहा वेळा. तू पोटावर, तो वर, २० सेकंद त्याला लोळवू द्यायचं नाही, सहा वेळा. शेवटी २ मिनिटांच्या दोन फेऱ्यांची पूर्ण कुस्ती, तीन वेळा. जोर-बैठका चालूच ठेव, त्यात दोरावर चढणं आणि २० सेकंदांच्या धावा घाल, कारण मॅटवरचा दम एकदम उधळावा लागतो. कलाजंग आणि ढाक हे डाव मॅटवरही गुण देतात, ते पक्के ठेव.

गुडघा सांभाळ. माती पावलाला थोडी वाट देते, मॅटवर बूट चिकटून राहतो आणि अंग फिरलं की गुडघ्यातल्या अस्थिबंधांवर (लिगामेंट) ताण येतो. फिरताना टाच उचलून चवड्यावर फिर. कानात रक्त साकळून तो मऊ फुगला तर एक-दोन दिवसांत डॉक्टरांकडे जा, ते रक्त काढून दाबपट्टी बांधतात. उशीर झाला की कान तसाच घट्ट होतो. वजन उतरवायला पाणी तोडू नकोस. आंतरराष्ट्रीय नियमांत २०१८ पासून वजन कुस्तीच्या दिवशी सकाळीच होतं, त्यामुळे कोरडं पडलेलं अंग भरून यायला वेळ उरत नाही.

आणि वस्तादांना हे सगळं नीट सांग. ते मॅटवर नाराज असतील, पण तुझ्या कुस्तीचे बारकावे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक नाहीत.

प्रश्न : एका वर्गात ‘दोन वर्षांत ब्लॅक बेल्ट’ अशी हमी देतात. दर परीक्षेची वेगळी फी आहे. खरं मानावं का?
– निपाणी

उत्तर : मानू नये. कराटेच्या बहुतेक शाळांत काळ्या पट्ट्याआधी नऊ-दहा पायऱ्या असतात, त्यांना क्यू म्हणतात. दर चार महिन्यांनी एक परीक्षा, आणि एकदाही नापास नाही असं धरलं, तरी नऊ पायऱ्यांना तीन वर्षं होतात. वर तपकिरी पट्ट्यावर थांबायचा काळ वेगळा. हमी देणारा एक तर परीक्षा घाईने उरकतो किंवा कुणाला नापास करत नाही. तायक्वांदोत पंधरा वर्षांखालच्या मुलांना काळ्या पट्ट्याच्या जागी ‘पूम’ हा मुलांचा दर्जा मिळतो, आणि कोरियातल्या कुक्कीवॉन या संस्थेच्या प्रमाणपत्रावर क्रमांक असतो, तो पडताळता येतो. सगळ्या परीक्षांची फी लेखी मागा आणि गेल्या वेळी किती जण नापास झाले ते विचारा. उत्तर ‘कुणीच नाही’ आलं तर पट्टा विकत मिळतो आहे.

प्रश्न : कॉलेजात मुलींसाठी दहा दिवसांचं स्वसंरक्षण शिबिर आहे. त्यात सुरी हिसकावणंही शिकवणार म्हणतात. उपयोग होईल?
– चिकोडी

उत्तर : दहा दिवसांत चार गोष्टी पक्क्या होतात : मोठ्याने ओरडणं, मनगट सोडवणं, पडल्यावर उठणं आणि पळणं. शिबिर यावरच थांबलं तर जरूर जा.

मनगट धरलेल्या मुठीची कच्ची जागा अंगठा आणि बोटांच्या टोकांमध्ये असते. हाताची अरुंद कड तिकडे वळवा, एक पाऊल त्याच्याच दिशेने टाकत कोपर त्याच्या हाताकडे न्या आणि मग झटक्याने ओढा. बहुतेक जणी हात सरळ मागे ओढतात, तिथे त्याची ताकद सरस पडते. पहिले दोन-तीन दिवस हे सावकाश, चौथ्या दिवसापासून जोडीदाराने जोरात धरून ओढत न्यायचं. असा विरोध नसेल तर शिकलेलं पहिल्याच धक्क्याला विसरतं. उठताना एक हात मागे टेकवा, विरुद्ध बाजूचं पाऊल जमिनीवर घट्ट ठेवा, कंबर उचला आणि मोकळा पाय अंगाखालून मागे घ्या. त्याच्याकडे पाठ करू नका.

सुरीचं प्रात्यक्षिक असेल तर शिक्षकांना विनंती करा : पांढरा शर्ट घालून समोरच्याच्या हातात टोपण काढलेला मार्कर द्या आणि त्याला मनाप्रमाणे भराभर वार करू द्या. दहा प्रयत्नांनंतर शर्टावरच्या रेघा मोजा. सुरी दिसली की अंतर वाढवायचं, पर्स फेकायची, पळायचं, ११२ लावायचा. हिसकावायचा आत्मविश्वास देणारं शिबिर मुलींना धोक्यात घालतं.

प्रश्न : शिवजयंतीला आमची मुलं लाठी आणि दांडपट्टा फिरवतात. ही युद्धकला की नुसतं प्रदर्शन?
– शहापूर

उत्तर : हात फिरवण्याचं शिक्षण खरंच आहे. पट्ट्याच्या खोबळ्यात, म्हणजे मुठीवरच्या धातूच्या आवरणात, मनगट अडकतं, त्यामुळे वार कोपर, खांदा आणि कमरेतून काढावा लागतो आणि ते कठीण आहे. पण मिरवणुकीपुरता सराव एकट्याचा राहतो. मऊ आवरण घातलेल्या काठ्या, डोक्याला जाळीची टोपी आणि समोर खरा जोडीदार घेऊन आठवड्यातून एक दिवस खेळलात तर त्यात लढत येईल. मिरवणुकीत मात्र काठीच्या पूर्ण घेरापलीकडे दोरी लावा.

प्रश्न : किकबॉक्सिंगच्या सरावात मुलाच्या डोक्याला ठोसा लागला. त्याला घरी येऊन उलटी झाली. सर म्हणाले, सवय होईल. काळजीचं आहे का?
– अनगोळ

उत्तर : आहे. हे पत्र आलं त्याच दिवशी आम्ही त्यांना कळवलं, इतरांसाठी इथे देतो. डोक्याला मार लागून चक्कर, मळमळ, गोंधळ, डोकेदुखी, आठवण पुसणं यांपैकी काहीही झालं तर त्या दिवशीचा सराव तिथेच थांबतो आणि मुलाला डॉक्टरांकडे नेतात. परत परत उलट्या, वाढतं डोकं दुखणं, जागं करायला अवघड जाणं, झटका, हातापायात अशक्तपणा, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणं, मान दुखणं यांपैकी एकही असेल तर रात्र न काढता सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. डॉक्टरांनी घरी पाठवलं तरी पहिली रात्र मुलाला एकटं झोपवू नका.

परत जाणं टप्प्याटप्प्याने. आधी शाळा आणि अभ्यास त्रासाविना जमायला हवा, मग चालणं, हलकी धाव, जोडीदाराशिवाय सराव, प्रत्येक टप्प्याला किमान एक दिवस. त्रास परत आला तर एक टप्पा मागे. समोरासमोरची झुंज पूर्ण बरं वाटल्यावर आणि डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच. डोक्याच्या टोपीवर विसंबू नका. ती कापलं-फुटलं वाचवते, आत मेंदू हलायचा तो हलतोच. सरावाच्या झुंजीत १४ ते १६ औंसांचे हातमोजे असावेत आणि मुलांनी डोक्यावर हलकेच मारावं, हा नियम शिक्षकाने आवाज चढवून पाळून घ्यायला हवा. ‘सवय होईल’ म्हणणाऱ्याकडे मुलाला परत पाठवू नका. नवा वर्ग बघताना पहिला प्रश्न हाच विचारा : मुलाच्या डोक्याला लागलं तर तुम्ही त्या दिवशी काय करता, आणि कुणाच्या चिठ्ठीवर त्याला परत घेता?