८०० चं इंजिन घरी बांधताय? मग आधी हे वाचा

अरे पहिलंच इंजिन मारुती ८०० चं घेतलंस ते बरं केलंस, तीनच सिलिंडर, ७९६ सीसी, दोघं मिळून उचलता येतं. पण खोलायची घाई करू नकोस. प्रत्येक वायर, पाइप काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढ, बोल्ट वेगवेगळ्या डब्यात ठेव. कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टन आणि क्रँक जोडणारा दांडा) कॅप आपसात बदलायच्या नाहीत, ज्याची त्यालाच, आणि क्रँक (इंजिनचा फिरणारा मुख्य दांडा) धरून ठेवणाऱ्या मेन बेअरिंगच्या कॅपची जागा नि दिशासुद्धा तीच, मी एकदा दोन कॅप अदलाबदल केल्या आणि क्रँक हाताने फिरेना, अख्खा रविवार गेला माझा.

बोअर (सिलिंडरचं आतलं भोक) मोजल्याशिवाय पिस्टन विकत घेऊ नकोस. लेथवाल्याकडे ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनचा मुख्य भाग) दे, तो सांगेल ओव्हरसाइज, म्हणजे मूळ मापापेक्षा मोठा पिस्टन लागतो का, आणि नवीन पिस्टन हातात आल्यावरच त्याच्या मापाने बोअर करून घे. पिस्टनची रिंग आधी नुसती बोअरमध्ये सरळ बसवून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) तोंडाची फट बघ, फट फार कमी असली तर गरम झाल्यावर टोकं भिडतात आणि रिंग तुटते. पिस्टन चढवताना तिन्ही रिंगांची तोंडं एका रेषेत नकोत.

टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच बोल्ट आवळायचा पाना) मात्र उधार आण पण आणच, हेड (सिलिंडरवरचं झाकण) अंदाजाने आवळायचं नाही, मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटायचा क्रम) १-३-२. हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकच्या मधलं सील) नवीनच हं, जुनं परत लावशील तर मला फोन करू नकोस.