मूल झालंच नाही तर बाईला कर्करोग होतो का?

तुम्ही लिहिलंय की वय ३८ आहे, मूल नको हे तुम्ही दोघांनी ठरवलंय, आणि आता सासूबाई म्हणतात की बाळंतपण न झालेल्या बाईला पुढे कर्करोग होतो. यात तथ्य किती, असं विचारलंय.

तथ्य आहे, पण घाबरवलं जातं तेवढं नाही. मी पन्नाशी ओलांडलेली आहे, मलाही मूल नाही, आणि माझ्या डॉक्टरबाईंना हेच खोदून खोदून विचारलेलं आहे.

इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझिनी या वैद्याने अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच नोंदवलं होतं की मठातल्या नन्समध्ये स्तनाचा कर्करोग जास्त दिसतो. २००२ साली ३० देशांतली माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा दर बाळंतपणामागे हा धोका सुमारे ७ टक्क्यांनी आणि अंगावर पाजलेल्या दर वर्षामागे आणखी ४.३ टक्क्यांनी कमी होतो असं दिसलं. पण सासूबाईंना ठाऊक नसलेली एक गोष्ट इथे आहे. हा फायदा मुख्यतः लवकर झालेल्या बाळंतपणाचा. बाळंतपणानंतर काही वर्षं स्तनाच्या कर्करोगाचा धोका उलट थोडा वाढतो, आणि पहिलं मूल पस्तिशीनंतर झालं तर ही वाढ जास्त असते. म्हणजे स्तनाच्या कर्करोगाला घाबरून आता मूल होऊ देण्यात काही अर्थ नाही.

अंडाशयाचं वेगळं आहे. दर महिन्याला बीज बाहेर पडताना अंडाशयाच्या पृष्ठभागाला आणि शेजारच्या नळीच्या टोकाला थोडी इजा होते. गरोदरपणात हे थांबतं. मूल नसेल तर ती विश्रांती मिळत नाही, म्हणून धोका वाढतो. पण मुळात हा आजार शंभरात सुमारे एकीला होतो. तो दीडपट धरला तरी शंभरातल्या अठ्ठ्याण्णव जणींना होत नाही. गर्भनिरोधक गोळ्याही बीज बाहेर पडणं थांबवतात. पाच वर्षं घेतल्या तर हा धोका साधारण एक पंचमांशाने उतरतो आणि गोळ्या बंद केल्यावरही तो फायदा बरीच वर्षं टिकतो. मात्र रक्तदाब असेल, सिगारेट ओढत असाल किंवा डोळ्यांपुढे चमकून अर्धशिशी उठत असेल, तर त्या तुमच्यासाठी नाहीत.

गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगात तर कारण आणि परिणाम यांची गल्लत होते. पीसीओडीत, म्हणजे अंडाशयातून बीज वेळच्या वेळी बाहेर न पडण्याच्या विकारात, पाळी महिनोन्महिने येत नाही, अस्तर वाढत राहतं. मूल न राहण्याचं कारणही बऱ्याचदा तेच असतं. तुमची पाळी नियमित असेल तर यातला काही भाग तुम्हाला लागू नाही. तीन-तीन महिने येत नसेल, तर मूल हवं असो वा नसो, उपचार घ्या.

दुसरी बाजूही सांगायला हवी. गर्भाशय खाली उतरणं, खोकताना लघवी होणं, गरोदरपणातला मधुमेह, हे बाळंतपणाबरोबर येणारे धोके. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगात सुमारे २ लाख ८७ हजार बायका गरोदरपण-बाळंतपणात दगावल्या. याचा हिशेब आपल्याला कुणी देत नाही.

मला खरी काळजी वाटते ती तपासणीची. बहुतेक बायकांची स्त्रीरोगतज्ज्ञाशी ओळख होते ती बाळंतपणामुळे. आपण तिकडे फिरकतच नाही. फॉर्मवर 'मुले' या रकान्यात शून्य लिहिलं की नर्स मान वर करून बघते, मग "का नाही?" सुरू होतं, ते नको म्हणून मीही दुखणं अंगावर काढलेलं आहे. तुम्ही तसं करू नका. नीट न बोलणारा डॉक्टर बदला, तपासणी सोडू नका. गर्भाशयाच्या मुखाची चाचणी मूल नसलेल्यांनाही लागते, मॅमोग्राफी डॉक्टर सांगतील त्या वयापासून. अंडाशयासाठी मात्र लक्षणं नसताना दरवर्षी चाचण्या करून उपयोग होत नाही. ब्रिटनमधल्या दोन लाखांहून जास्त बायकांच्या पाहणीत त्याने मृत्यू कमी झाले नाहीत, असं २०२१ मध्ये स्पष्ट झालं. तिथे लक्षणंच ओळखावी लागतात: पोट सतत फुगलेलं, दोन घासांत भरल्यासारखं, वारंवार लघवी. हे दोन-तीन आठवडे जवळजवळ रोज होत असेल तर अ‍ॅसिडिटी म्हणून सोडून देऊ नका, सोनोग्राफी करा. पाळी गेल्यावर एक डाग जरी दिसला तरी त्याच आठवड्यात दाखवा.

आणि घरात आई, मावशी, आत्या, आजी यांपैकी कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झालाय का, हे आधी विचारून घ्या आणि डॉक्टरांना सांगा. वडिलांकडचंही विचारा, कारण या दोन्ही कर्करोगांचा धोका वाढवणारा बीआरसीए जनुकातला दोष त्या बाजूनेही तितकाच येतो.