सक्रिय थेंबांची जोडी पाहण्यापूर्वी
सर्फॅक्टंटच्या (साबणासारख्या, पृष्ठताण कमी करणाऱ्या पदार्थाच्या) द्रावणात स्वतःहून पोहणाऱ्या तेलाच्या थेंबांवर काम सुरू करताना दोन थेंबांची गाठभेट लगेच मोजायला घेऊ नका. आधी एकच थेंब नीट पाहा. थेंब हळूहळू विरघळतो, तेल पोटात घेतलेले मायसेल (सर्फॅक्टंटच्या रेणूंचे सूक्ष्म पुंजके) त्याच्या मागे रेंगाळतात आणि पृष्ठताणातील फरकामुळे उठणारा मारांगोनी प्रवाह त्याला ताज्या द्रावणाकडे नेतो. म्हणूनच पहिला थेंब पुढे निघून गेल्यावरही त्याच्या वाटेशी आलेला दुसरा थेंब बऱ्याचदा वळतो किंवा थबकतो. हा रासायनिक परिणाम द्रवप्रवाहातून होणाऱ्या परस्परक्रियेपासून वेगळा काढणे हेच खरे कठीण काम आहे, आणि माझ्या मते थेंबांचे आधीचे मार्ग नोंदवल्याशिवाय त्यावर निष्कर्ष काढूच नये. द्रावणाच्या थराची जाडीही टिपून ठेवा, कारण जवळची भिंत प्रवाह बदलते.